वळवासाठी अर्ध्या दिवसाची रजा

रजेच्या अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. सोलापुरातल्या एखाद्या कारकुनाने मे महिन्यातल्या दुपारी तिथे ‘ढग बघायचा आहे’ असे लिहिले, तर साहेब अर्ज परत पाठवतील आणि बाकीचे महिनाभर चहाच्या टपरीवर तेवढेच बोलतील. ‘खासगी काम’ लिहावे. ते खोटेही नाही. खरी अडचण कारणाची नसतेच, तारखेची असते. राज्य सरकारच्या नोकरीत वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात, उरलेल्या ३१ डिसेंबरला बुडतात, आणि वळीव काही आठवडाभर आधी कळवून येत नाही. वादळे बघत हिंडण्याचा छंद लागलेल्या माणसाचे सगळे गणित इथेच अडते.

अमेरिकेत हे गणित कधीचेच मांडून झाले आहे. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कचा डेव्हिड होडली १९५६ पासून वादळांच्या मागे गाडी घेऊन फिरू लागला. रॉजर जेन्सन हा त्याच काळातला दुसरा नाद लागलेला माणूस. होडली पुढे सरकारी नोकरीत गेला, पण उन्हाळ्याच्या तोंडाची रजा त्याने वादळांसाठीच राखून ठेवली. १९७७ साली त्याने ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे छोटे नियतकालिकही काढले. ‘ट्विस्टर’ हा चित्रपट १९९६ साली आला आणि या मूठभर लोकांच्या नादाला गर्दी झाली. आज तिथे मे महिन्यात कॅन्सस-ओक्लाहोमाच्या मोकळ्या रस्त्यांवर पैसे भरून वादळ दाखवणाऱ्या सहलीही निघतात. दोन-दोन आठवड्यांची रजा काढून लोक येतात, रोज चार-पाचशे किलोमीटर गाडी हाकतात आणि बऱ्याचदा कोरडेच परततात.

एवढे पळावे का लागते, याचे उत्तर हवेच्या वरच्या थरांत आहे. तिथल्या मैदानांवर वसंतात जमिनीलगतचा वारा मेक्सिकोच्या आखाताकडून दमट येतो आणि वर आठ-दहा किलोमीटरवर पश्चिमेचा जोरदार झोत असतो. खालचा आणि वरचा वारा वेग आणि दिशा या दोन्हींत इतका वेगळा असला, की वर चढणारी हवा आणि खाली कोसळणारा पाऊस एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ढग फिरू लागतो, स्वतःच स्वतःला पोसत राहतो आणि चार-पाच तास पुढे पुढे सरकत जातो. अशा ढगाच्या मागे जायचे म्हणजे गाडी, नकाशा आणि भरपूर रजा हवीच.

सोलापूरचा वळीव या जातीचा नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वरचे वारे तुलनेने मंद असतात. ढग जिथे उभा राहतो तिथेच वाढतो, पाऊस सुटला की त्या पावसाने थंड झालेली हवा खाली येऊन त्याचेच बूड कापून टाकते. एका ढगाचे आयुष्य पाऊण तास, फार तर तास. त्याच्या थंड हवेच्या धक्क्याने शेजारी दुसरा ढग उठतो, मग तिसरा. असे करत संध्याकाळभर खेळ चालतो, पण प्रत्येक गडी लवकर बाद होतो. मोहोळकडे दिसलेला ढग गाठायला निघावे आणि तिथे पोहोचेपर्यंत तो विरून मंगळवेढ्यावर भलताच ढग उभा असावा, हे इथे नेहमीचे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की सोलापुरात वादळाचा पाठलाग करणारा माणूस डिझेल जाळतो आणि जागा निवडून थांबणारा वादळ बघतो.

थांबायचे ठरले की रजेचा प्रश्न एकदम लहान होतो. वळवाचा ढग उन्हावर चालतो. सकाळभर जमीन तापते, दुपारी दोनच्या पुढे ढग वर चढू लागतात, आणि गडगडाटाची मुख्य वेळ चार ते आठ. मे महिन्यात सोलापुरात सूर्य मावळतो सातला काही मिनिटे कमी असताना. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि सुटण्याची वेळ सव्वासहा झाली. म्हणजे कार्यालयातून बाहेर पडून गाडीला किल्ली लावेपर्यंत उजेडाचा शेवटचा अर्धा तास उरतो. दुपारनंतरची अर्धी रजा टाकली, तर मात्र पूर्ण खेळ पदरात पडतो. आठ रजांच्या सोळा अर्ध्या रजा होतात; त्यातल्या चार वळवाला दिल्या तरी लग्न-मुंजी, आजारपण आणि गॅस सिलिंडर यांना बारा उरतात. शनिवार-रविवार मोकळे आहेतच. शिवाय गुढीपाडवा, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, बुद्ध पौर्णिमा या सुट्ट्या नेमक्या वळवाच्या हंगामात पडतात.

खरे भाग्यवान शिक्षक. उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे रोहिणी नक्षत्र पूर्ण आणि मृगाचा पहिला आठवडा. दिवाळीची सुट्टी परतीच्या पावसाच्या शेपटाला लागून. या छंदासाठी कुणी मुद्दाम आखले असते तरी याहून चांगले वेळापत्रक जमले नसते. उलट टोकाला यंत्रमागावरचा कामगार आणि विडी वळणारी बाई. मजुरी नगावर असली की अर्ध्या दिवसाची रजा म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार. त्यांच्यासाठी वळीव म्हणजे वीज जाणे आणि माग बंद पडणे. छंद म्हणून आभाळाकडे बघणे ही पगारी रजेची चैन आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता दिवस ओळखण्याचे. चार अर्ध्या रजा कोणत्या दिवशी टाकायच्या, यात सगळी हुशारी आहे. मार्च ते मे या काळात हवामान खात्याच्या रोजच्या निवेदनात एक ओळ वारंवार येते: विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे गेलेला कमी दाबाचा पट्टा, किंवा त्याच रेषेवरची वाऱ्याची खंडितता. बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा आणि पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा या रेषेवर एकमेकींना भिडतात. रेषा रोज थोडी पूर्वेला-पश्चिमेला सरकते. ती लातूर-कलबुर्गीच्या पलीकडे गेली, की सोलापूर नुसते भाजते. सोलापूरच्या आसपास आली, की दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवावे.

दुसरी खूण घामाची. सोलापूरचा उन्हाळा एरवी कोरडा. तापमान बेचाळीसवर जाते, पण सावलीत गेले की घाम वाळतो. ज्या सकाळी नऊलाच बनियन अंगाला चिकटते, माठातले पाणी म्हणावे तसे गार होत नाही आणि म्हातारी माणसे ‘आज उकडतंय फार, पाऊस येणार’ म्हणतात, तो दिवस निरखण्याजोगा. त्या बोलण्यात भौतिकशास्त्र आहे. हवेत वाफ जास्त, म्हणून घाम आणि माठ दोन्ही सावकाश वाळतात. आणि तीच वाफ दुपारी वर जाऊन तिचे थेंब होताना जी उष्णता सोडते, त्या उष्णतेवर ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. हवेत किती वाफ आहे हे आकड्यात हवे असेल तर दवबिंदू बघावा. हवामानाच्या बहुतेक मोबाइल ॲपवर तो असतो आणि बहुतेक लोक तो सोडून फक्त तापमान बघतात. मेमध्ये दवबिंदू दहा-बारा अंशांवर असेल तर रजा वाचवा. अठरा-वीसच्या पुढे गेला तर अर्ज लिहायला हरकत नाही.

दुपारी एकनंतर उपग्रहाची चित्रे. इनसॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इनसॅट-३डीएस यांची छायाचित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. त्यांत पांढरा ठिपका फुगताना दिसला, की पुढचे काम रडारचे. इथे एक मेख आहे. हैदराबादचे रडार सोलापूरपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रडारची लहर सरळ जाते आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे एवढ्या अंतरावर ती जमिनीपासून सहा-सात किलोमीटर उंचीवरून निघून जाते. ढगाचे डोके दिसते, बूड दिसत नाही. नुकता जन्मलेला ढग तर मुळीच नाही. म्हणून सोलापूरकराने रडारवर विसंबण्याआधी गच्चीवर जावे. सपाट मुलूख, उंच इमारती कमी, क्षितिज चहूकडे मोकळे. मुंबई-पुण्याच्या छंदिष्टाला ही श्रीमंती नाही.

जागा म्हणाल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव माझ्या आवडीचा. एकरुख तलाव म्हणतात तोच, १८७१ साली बांधून झालेला. रस्त्यालगत गाडी उभी करून आतच बसावे. साडेतीनच्या सुमारास दूरवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे, कडा धारदार असलेले ढग दिसतात. कडा जोवर धारदार आहेत तोवर वरचे थेंब पाण्याचे आहेत. मग एकाचा माथा पुसट, तंतुमय होऊ लागतो आणि बाजूला पसरतो: वर बर्फ तयार झाले, आता वीज लांब नाही. ढगाचे बूड मात्र आश्चर्य वाटावे इतके उंच असते. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणले की बुडाची उंची साधारण मीटरमध्ये मिळते. चाळीस अंश तापमान आणि अठरा दवबिंदू, फरक बावीस, म्हणजे पावणेतीन हजार मीटर. कोकणात जुलैतला ढग डोंगराला घासत जातो. सोलापूरचा वळीव कळसूबाई तळाशी मावून वर हजार मीटर मोकळी हवा राहील एवढ्या उंचीवर टांगलेला असतो.

या उंचीमुळेच आपल्या वादळाचा स्वभाव ठरतो. पाऊस एवढ्या लांबून कोरड्या हवेतून खाली येताना वाटेतच आटतो. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, पण जमिनीला टेकत नाहीत. आटणारे पाणी हवेतली उष्णता घेते, हवा थंड आणि जड होते, आणि धाडकन खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरते. तलावावर आधी समोरच्या काठाची झाडे वाकतात, मग पाण्यावर काळपट पट्टा सरकत येतो, त्यामागे नांगरून ठेवलेल्या रानातली माती उठते आणि दोन मिनिटांत समोरचे काही दिसेनासे होते. तापमान दहा अंशांनी उतरते. टपोरे, विरळ, गार थेंब काचेवर आपटतात. खूप वेळा वळीव एवढ्यावरच आटोपतो: पत्रे उडाले, फ्लेक्स फाटले, कैऱ्यांचा सडा पडला आणि पर्जन्यमापकात जेमतेम दोन मिलिमीटर.

मार्चमधली वादळे वेगळी आणि जास्त वाईट. तेव्हा वरची हवा अजून थंड असते, शून्य अंशाची पातळी मेपेक्षा खाली असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमिनीवर येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट सोलापूर जिल्ह्यानेही सोसली. हा द्राक्ष उतरवण्याचा आणि बेदाणा शेडवर वाळत घालण्याचा काळ. नुसत्या पावसाने बेदाणा काळा पडतो. गारेने द्राक्षाचा मणी फुटतो, डाळिंबाच्या सालीला जखम होऊन त्यात रोग शिरतो. सोलापूर डाळिंबाचा जिल्हा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच केगावला आहे. तेव्हा गाडी थांबवून गारांचे फोटो काढताना बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ‘काय मस्त पडतंय ना’ म्हणू नये. फोटो विचारून काढावा. पंचनाम्यालाही तो उपयोगी पडतो.

हौशी लोकांचे झाले; पण रजा न काढता, पगार घेऊन सोलापूरच्या ढगांमागे गेलेली माणसेही आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘कायपिक्स’ या प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात केला. सोलापूर निवडले ते पर्जन्यछायेत आहे म्हणूनच: सह्याद्रीने पाणी काढून घेतलेले ढग इथे येतात, दिसायला भरगच्च, बरसायला कंजूष. केगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहकार्याने निरीक्षणे उभी राहिली, रडार आले, विमाने आली. एक विमान ढगाच्या बुडाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळी, म्हणजे मिठाचे बारीक कण वर ओढले जाऊन त्यांच्याभोवती मोठे थेंब धरावेत. कोणत्या ढगाला मीठ द्यायचे आणि कोणता सोडायचा, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरे, कारण आवडीने निवडले तर तुलना खोटी पडते.

डॉ. तारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडलेले ढग २७६. मीठ सोडलेल्या जागेपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला; काही ठिकाणी वाढ ४६ टक्क्यांपर्यंत होती. याचा अर्थ ‘हवा तेव्हा पाऊस पाडता येतो’ असा मुळीच होत नाही. ढग मुळात असावा लागतो, आणि तो पुरेसा जाड असावा लागतो. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामती भागात मीठ फवारून असाच प्रयोग केला होता. तेव्हा वाढ २४ टक्के निघाली होती. पावसावर प्रयोग करणाऱ्याला घाई करून चालत नाही, हे या तारखांवरूनच कळावे.

कधी कधी वादळ स्वतःच सोलापूरला शोधत येते. १३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी बंगालच्या उपसागरातल्या तीव्र कमी दाबाच्या प्रणालीने काकीनाड्याजवळ किनारा ओलांडला. अशा प्रणाली जमिनीवर आल्या की विरतात. ही विरली नाही. हैदराबादला बुडवून ती पश्चिमेकडे आली आणि १४ तारखेला सोलापूरवरून पुढे जाऊन शेवटी अरबी समुद्राकडे निघाली. एका दिवसात जिल्ह्याने महिन्याचा पाऊस पाहिला, भीमा-सीनेला पूर आला, आणि पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण गेले. त्या दिवशी बघायला बाहेर पडण्याजोगे काही नव्हते. वळीव आणि अशी प्रणाली यांतला फरक न कळणाऱ्याने हा छंद धरू नये.

वळवातही माणूस मारते ती वीज. अमेरिकेत टोर्नेडोचा पाठलाग करणारे अनुभवी संशोधक टिम समारस २०१३ च्या ३१ मे रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ मुलगा आणि सहकाऱ्यासह मारले गेले. ते वादळ चार किलोमीटरहून रुंद होते. आपल्याकडे तसले काही नाही म्हणून निर्धास्त राहू नये. वीज ढगापासून दहा किलोमीटर लांब, कोरड्या जागीही पडते. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, तर तुम्ही पट्ट्यात आहात; पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहावे. मोटारसायकल म्हणजे गाडी नव्हे. एकटे झाड, विजेचा खांब, तलावाचा काठ आणि तुळजापूरच्या घाटाचा माथा या चारही जागा फोटोला सुंदर आणि वादळात निषिद्ध. आयआयटीएमचे ‘दामिनी’ ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देते. ते फोनमध्ये नसेल तर रजेचा अर्ज पाठवण्याआधी घालून घ्यावे.

कोलकात्यात कालबैशाखीच्या वादळांमागे फिरणारा ‘कोलकाता क्लाउड चेझर्स’ हा हौशी गट नावाजलेला आहे. त्यांची छायाचित्रे देशभर बघितली जातात. सोलापूरला तसा गट नसला तरी काम भरपूर आहे, आणि ते फोटोपुरते नाही. गारपीट दोन-चार किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात होते. वेधशाळा आणि पर्जन्यमापके यांच्या मधल्या रानात ती पडली, तर कागदोपत्री पडलेलीच नसते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते. गार वितळायच्या आत तिच्याशेजारी ते ठेवून एक फोटो काढा, गाव आणि वेळ लिहा, आणि हवामान खात्याच्या संकेतस्थळावर लोकांच्या निरीक्षणांसाठी जी सोय आहे तिथे पाठवा. त्याला दोन मिनिटे लागतात. रजा तर तुम्ही टाकलेलीच आहे.